हाताने फिरवायच्या काचा

वस्ती, पुणतांबा
११ नोव्हेंबर २०२४

पंकजा,

छगनभाऊजी काल नगरवरून आले. म्हनले, वहिनी, तुमची सून गाड्यांच्या शोरूमात दिसली. मी म्हनले, दुसरी कोनी असंल. ते म्हनले, न्हाई, पंकजाच हुती, रेणू बी संगं हुती, मी हाक मारनार तवर दोघी आत गेल्या.

व्हय का हे खरं?

एप्रिलात हर्षलला कॅनॉलातून काढला. त्याचं वर्षश्राद्ध अजून व्हायचंय. माझा ल्योक गाडीसकट बुडाला आन त्याची बायको गाड्या बघत फिरती, असं लोकं मला तोंडावर म्हनत्यात. मी काय सांगू त्यांना? कशी एवढी भूक लागली तुला गाडीची?

अजिनाथ म्हनला, तिला गाडी घ्यायचीच हुती तर मला सांगायचं, मी हर्षलचा थोरला भाऊ हाय, मेलो न्हाई अजून. छगनभाऊजी म्हनत्यात, तू लहानातली लहान, पत्र्याच्या डब्यासारखी गाडी बघत हुतीस. असल्या गाडीत बसून तू वस्तीवर आलीस तर अजिनाथला चार मानसांत मान खाली घालावी लागंल. तेवढा तरी इचार कर.

फोन करू नको. मी फोनवर बोलत न्हाई हे तुला ठावं हाय. काय ते लिव. पोस्टमन वस्तीपर्यंत येतो.

रेणूला जप. सुट्टी लागली की हिकडं धाड.

आई


केडगाव
२० नोव्हेंबर २०२४

आई,

नमस्कार करते. छगनकाकांनी पाहिलं ते खरं आहे. आम्ही गाडी बघायलाच गेलो होतो.

तुम्ही रागाने का होईना, विचारलंत, म्हणून कारणं लिहिते. हर्षल गेल्यावर मी एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला लागले. केडगावहून तिथे जायचं म्हणजे अख्खं नगर ओलांडायचं. स्कूटीवर पुढे माझी पिशवी आणि मागे रेणू. तिला शाळेत सोडायचं, तिथून कामावर, संध्याकाळी पुन्हा उलट. दोन्ही बाजूंनी ट्रक जातात. एवढ्यात तिच्या हनुवटीला टाके पडले. शाळेत खेळताना पडली. तुम्हाला काळजी वाटेल म्हणून कळवलं नव्हतं. आता बरी आहे.

लहान गाडी का, तर आमच्या गल्लीत मोठी गाडी वळतच नाही. शिवाय मी नवशिकी. केडगावात ज्योतीताई म्हणून एक बाई गाडी शिकवतात, त्यांच्याकडे मी जाते. त्या म्हणाल्या, पहिली गाडी अशी घे की तिचं नाक कुठे संपतं ते तुला बसल्या जागेवरून कळलं पाहिजे. लहान गाडीला पेट्रोल कमी लागतं. बिघडली तर कोपऱ्यावरचा मेस्त्री दुरुस्त करतो, तिला कंपनीच्या वर्कशॉपात दिवसभर ठेवून मला खाडा करावा लागणार नाही. गाडीत यंत्रं जितकी कमी, तितकं बिघडायला कमी. माझ्यासारख्या एकटीला असंच वाहन परवडतं. यात कुणाची मान खाली जाण्यासारखं काय आहे ते मला कळत नाही.

आणि अजिनाथ भाऊजींना सांगा, मी गाडी घेऊन वस्तीवर यायला निघालेले नाही. दहाव्यानंतर मी तिथून का निघून आले हे त्यांना माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. मी एकच गोष्ट विचारली होती. त्या संध्याकाळी मी आणि रेणू पुणतांब्याच्या स्टेशनवर उतरलो होतो. हर्षल आम्हाला न्यायला भाऊजींची गाडी घेऊन निघाला होता. मी त्याला फोन लावत होते आणि पलीकडून सारखं एकच ऐकू येत होतं, की तो दुसऱ्या कॉलवर आहे. इतका वेळ तो कुणाशी बोलत होता? घरात मी हे विचारलं तेव्हा भाऊजी उठून गोठ्यात गेले आणि तुम्ही पदर तोंडाला लावलात. मला अजून उत्तर मिळालेलं नाही.

पंकजा


वस्ती, पुणतांबा
१ डिसेंबर २०२४

पंकजा,

तुझं पत्र वाचलं. जुनं उकरून काय हाती लागनार हाय? गेलेला मानूस बोलून माघारी येत न्हाई.

पेरूची तोड चालू झाली. रेणूला आवडत्यात तसले, आतून लाल, आठ-धा बाजूला ठेवलेत. कोनाच्या हाती पाठवू? छगनभाऊजी आता महिनाभर नगरला जानार न्हाईत.

तू कारनं लिवलीस ती समदी म्या अजिनाथला वाचून दाखवली. तो हासला. त्यानं आधीच्यापेक्षा मोठी गाडी आनलीया. तिला म्हने सहा फुगे हायत, धडक बसली की आपोआप फुगत्यात आन मानूस वाचतो. तुझ्या डब्याला हायत का? न्हाई ना? मंग पोरीला घिऊन असल्या पातळ पत्र्यात बसनार, आन वर म्हननार परवडतं. तुला परवडतं, पोरीला परवडंल का?

आनखी एक सांगते, वाईट वाटलं तरी चालंल. गावात बाया म्हनत्यात, एकटी बाई गाडी घेती, तर शेजारच्या शिटावर कोन बसनार हाय? मी त्यांना काय बोलले न्हाई. मला बी ठावं न्हाई म्हनून बोलले न्हाई. तुझं वय न्हाई गेलं अजून. तुझ्या मनात दुसरं काय असंल तर पोरीला माझ्याकडं सोड. शाळा हिथं बी हाय. माझ्या हर्षलचं एवढं तरी माझ्या डोळ्यांम्होरं राहू दे.

आई


केडगाव
९ डिसेंबर २०२४

आई,

शेजारच्या सीटवर माझ्या डब्याची पिशवी बसणार आहे. बायांना सांगा.

फुगे त्या गाडीलाही आहेत. सहा नाहीत, दोन आहेत. मी विचारलं होतं. सगळंच विचारलं होतं. आता खरं कारण लिहिते, कारण तुम्ही ‘परवडतं’ हा शब्द माझ्या तोंडावर फेकलात.

शोरूममधला मुलगा मला वरचं मॉडेल दाखवत होता. म्हणाला, मॅडम, बेस मॉडेल हल्ली कुणी नेत नाही, थोडं वर गेलात तर चारही काचा बटणावर, मोठा स्क्रीन, आणि गाडी चालू झाली की दारं आपोआप लॉक. मी म्हणाले, आपोआप लॉक होणारी दारं नकोत मला. त्याला वाटलं मला कळलं नाही, त्याने पुन्हा समजावून सांगितलं. मी म्हणाले, हाताने फिरवायच्या काचा असलेली गाडी दाखवा. ती मागे धूळ खात उभी होती. मी आत बसले, दार लावून घेतलं, डोळे मिटले आणि चाचपडत हँडल शोधून काच खाली केली. वर केली. पुन्हा खाली केली. किती वेळ करत होते मला आठवत नाही. तो मुलगा बाहेरून वाकून विचारायला लागला, मॅडम, काही प्रॉब्लेम आहे का? मी मागे वळून पाहिलं तर रेणूही मागच्या सीटवर डोळे मिटून तेच करत होती. मी तिला काही सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, “आई, इथून मला बाहेर येता येईल.”

आठ वर्षांची आहे ती. तिला कुणी सांगितलं असेल?

क्रेनने भाऊजींची गाडी वर काढली तेव्हा मी काठावर होते. चारही काचा बंद होत्या. एकीलाही तडा नव्हता. हर्षलच्या उजव्या हाताची बोटं सांध्यांवर सोललेली होती. तुम्ही त्याचा चेहरा पाहिलात, मी हात पाहिले.

ज्योतीताईंना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, खोटं सांगत नाही पंकजा, बाहेरून पाण्याचा दाब आला की हाताचीही काच उतरेलच असं नाही, पहिल्या काही क्षणांतच जे करायचं ते करावं लागतं. ठीक आहे. नाही तर नाही. पण तेवढ्या क्षणांत माझ्या हातात काहीतरी असावं, एवढंच मला हवंय. बटण दाबायचं आणि वाट बघायची, हे मला नको.

गाडी बुक केली आहे. यायला वेळ लागेल. बेस मॉडेल मागवावं लागतं.

रेणू कुठेही जाणार नाही. आणि तुम्हाला मुलाचं काही डोळ्यांसमोर राहावंसं वाटत असेल, तर त्याची शेवटची गोष्ट तरी मला सांगा. तुमच्या घरात कुणाला तरी ती माहीत आहे.

पंकजा


वस्ती, पुणतांबा
१५ जानेवारी २०२५

पंकजा,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला लई उशीर झाला. लिवायला बसायचे आन उठायचे. काल संक्रांत झाली. म्या तिळाला हात लावला न्हाई. आज अजिनाथ राहुरीला गेलाय, घरात कोनी न्हाई, म्हनून लिविते.

हर्षल माझ्याशी बोलत हुता.

फोन अजिनाथचा हुता. पडवीत भिताडाला चार्जिंगला लावल्याला. वाजला तवा मी भाकरी थापत हुते. पिठाच्या हातानंच उचलला. हर्षल म्हनला, “आई, दादाला दे. गाडी कॅनॉलात गेलीया. बटनं चालंनात. काच कशी उघडायची ते दादाला इचार.” असं म्हनला, जसं काय रस्ता इचारतोय. मला आधी समजलंच न्हाई. मी म्हनले, कुठं हायेस? तो म्हनला, आई, दादाला दे लौकर.

अजिनाथ बागंत मोटारीपाशी हुता. मी फोन कानाला लावून पळाले. अनवानी पळाले. हर्षल बोलत हुता. म्हनला, पानी पायाशी आलंय, तू घाबरू नको, पडशील. मधीच म्हनला, पंकजाचा फोन येतोय, सारखं टुक टुक वाजतंय, तिचा उचलला तर तुझा कटंल. तिला सांग, दोन मिन्टांत येतो म्हनावं.

तेवढं म्हनला तुझ्यासाठी.

मोटारीच्या आवाजात अजिनाथला माझी हाक ऐकू जाईना. त्याच्या हातात फोन दिला तवा हर्षलचा आवाज बदलला हुता. अजिनाथ वरडला, “शिटाची डोक्यामागची उशी उपस, तिच्या सळयांनी काच फोड, मागं जा, मागं जा!” हर्षल काय म्हनला ते त्यालाच ठावं. मंग त्यानं फोन माझ्याकडं फेकला आन कॅनॉलाकडं पळाला. फोन चालूच हुता, पंकजा. म्या तो कानाला लावला. लावायला नको हुता. पान्याचा आवाज येत हुता, आन मंग त्यो बी न्हाई.

उन्हाळ्याचं पानी सोडल्यालं, कॅनॉल काठोकाठ. अजिनाथ पान्यात उडी मारून पवला, आनखी दोघं पवले. गाडीचा टप सुदीक दिसंना.

तू इचारलंस तवा अजिनाथ गोठ्यात गेला. मी मागनं गेले तर तो गाईच्या गव्हानीत डोकं घालून रडत हुता. म्हनला, आई, तिला सांगू नको, ती म्हनंल असली गाडी माझ्या नवऱ्याच्या हाती का दिलीस, आन मला उत्तर देता यायचं न्हाई. मला वाटलं, एक गेला, हा बी जाईल. म्हनून गप बसले. लोकांम्होरं तो गाडीचं मोठेपन सांगतो, हासतो. घरात जेवताना ताटाकडं बघत बसतो.

मी फोनवर का बोलत न्हाई हे आता तुला कळंल. माझा फोन पिठाच्या डब्यात ठेवलाय. कुठं बी वाजला की माझ्या कानात पानी शिरतं.

शेजारच्या शिटाचं म्या लिवलं ते वाईट लिवलं.

आई


केडगाव
१८ फेब्रुवारी २०२५

आई,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी कामावर गेले नाही. नंतर गेले. पण उत्तर लिहायला हात उचलत नव्हता.

दोन मिनिटांत येतो. आम्ही स्टेशनच्या बाकावर बसलो होतो, रेणूने बिस्किटाचा पुडा फोडला होता आणि त्यातली दोन बाबासाठी ठेवली होती. तो निरोप मला त्या वेळी मिळाला असता तर मी काय केलं असतं? काहीच नाही. वाट बघितली असती. तरीही तो माझा होता. तुम्ही तो इतके महिने तुमच्या घरात ठेवलात.

तुम्ही शेजारच्या सीटचं लिहिलंत. मीही तसंच काहीतरी मनात आणत होते. तो कुणाशी बोलत होता, कोण होती ती, जिच्यापुढे माझा फोन घ्यावासा वाटला नाही. असं मी त्याच्याबद्दल मनात आणलं. त्याच्या फोटोला हार घालताना आणलं. तुम्ही आणि भाऊजी बोलला असता तर हे माझ्या मनात शिरलंच नसतं. हे मला माफ करता येत नाही, आई. पुढे येईल की नाही, माहीत नाही. येईल असं आत्ता खोटं लिहीत नाही.

पण एक गोष्ट मीही लपवली आहे. रेणू शाळेत पडली नव्हती. ती स्कूटीवरून पडली. मला घट्ट धरून बसली होती आणि अचानक तिचे हात सुटले. मी थांबून वळेपर्यंत ती रस्त्यावर होती, डोळे पांढरे, सगळं अंग झटके देत होतं. मागून ट्रक आला. त्याने ब्रेक मारला म्हणून आज मी हे लिहिते आहे. डॉक्टर म्हणाले, फिट आहे. वडील गेल्याच्या धक्क्याने असं नाही, आतून होतंच असेल, गोळ्या काही वर्षं घ्याव्या लागतील. त्यानंतरही दोन-तीनदा आली. म्हणून गाडी. चार दारं आणि मागे आडवं व्हायला सीट, एवढंच मला हवं होतं. तुम्हाला सांगितलं नाही, कारण मला वाटलं, गावात हिच्या अंगात काहीतरी आहे म्हणतील आणि तुम्ही तिला कुठेतरी अंगारा लावायला न्याल.

गाडी आली आहे. पांढरी. परवा मी पहिल्यांदा एकटी कामावर घेऊन गेले. रस्त्यात कुणी मागे वळून पाहिलं नाही, हे मला फार बरं वाटलं.

हल्ली शाळा सुटल्यावर रेणू रिक्षाने येते आणि मी घरी पोहोचेपर्यंत शेजारी असते. शेजारच्या वहिनी आता घाबरतात. त्यांचं चुकत नाही. तिच्याजवळ कुणीतरी घरचं माणूस हवं. मला तुमच्याशी किती बोलता येईल, सांगता येत नाही. पण तिला तुम्ही लागता. याल का? मी न्यायला येईन.

पंकजा


वस्ती, पुणतांबा
२५ फेब्रुवारी २०२५

पंकजा,

येते.

माझा धाकटा भाऊ, तू त्याला बघितलं न्हाईस, त्याला फिट यायची. लोकं त्याच्या नाकाला चप्पल लावायचे, कांदा लावायचे, दातात चमचा घालायचे. माझी आई समद्यांना हाकलून द्यायची आन त्याला नुसतं कुशीवर करून डोक्याखाली लुगडं सारायची. मी लहानपनापासनं हे केलंय. मला कोनाचा अंगारा नगं. मला आधी सांगायचं हुतंस. पन म्या तरी कुठं काय सांगितलं तुला.

अजिनाथला म्या सांगितलं, की पंकजाला समदं लिवलं. तो चार दिस माझ्या हातचं जेवला न्हाई. काल म्हनला, आता जा तिकडंच, आमचं काय, आमी राहू. म्हनताना माझ्याकडं बघत नव्हता. थोरली सून बी माझ्याम्होरं येत न्हाई. घर असं झालंय की भांडं वाजलं तरी समदी दचकत्यात.

येत्या रविवारच्या फुडच्या रविवारी ये. तवर तोड उरकती. दोन लुगडी, माझी औषदं आन पेरू, दुसरं काय आनायचं न्हाई.

हर्षलचा फोटो तुझ्याकडं हाय तर हितला हितंच राहू देते. अजिनाथ रोज सकाळी त्याच्याम्होरं उभा राहतो.

आई


केडगाव
१० मार्च २०२५

आई,

काल मी आले होते.

तुम्ही दारात वाट बघत बसला असाल. जेवला नसाल. हे लिहिताना मला लाज वाटते, पण जे झालं तेच लिहिते.

पहाटेच निघालो. रेणूने तुमच्यासाठी मागची सीट पुसून ठेवली होती. राहुरी, कोल्हार सगळं नीट झालं. ट्रकच्या मागे मागे हळू आले, लोक हॉर्न देत पुढे गेले, मी जाऊ दिले. राहात्याहून आत वळले तोपर्यंत रेणू गाणी म्हणत होती. कॅनॉलच्या पुलाशी आले. तिथून वस्तीकडे जायला काठाकाठाने तोच रस्ता. पाणी सोडलेलं आहे हे मला माहीत नव्हतं. पाणी रस्त्याला लागून वाहत होतं, आवाज न करता. रेणूचं गाणं थांबलं. मी आरशात पाहिलं, तर तिने तिच्या बाजूची काच पूर्ण खाली केली होती आणि दोन्ही हातांनी दाराची कड धरली होती. मला म्हणाली, “आई, चल. मी तयार आहे.”

माझा पाय उचलेना. ज्योतीताईंनी शिकवलेलं सगळं मी विसरले. क्लच कुठला ते कळेना. मागे एक ट्रॅक्टर आला, तो थांबून राहिला, मग बाजूने गेला. त्यावरचा माणूस वळून बघत होता. वस्तीवरची झाडं तिथून दिसतात. तुमच्या घराचा पत्रा दिसतो. एवढं जवळ. ज्या मुलीसाठी मी ही गाडी घेतली, ती बुडायच्या तयारीने बसली आहे हे बघून मला पुढे जाता आलं नाही.

गाडी वळवायलाही ट्रॅक्टरवाल्याने मदत केली. तो मागे आला, हाताने खुणा करत राहिला. आम्ही परत आलो. घरी आल्यावर रेणूला झटका आला. लहान होता. तुम्ही सांगितलंत तसं कुशीवर केलं.

मी पुन्हा प्रयत्न करेन असं म्हणणार होते. पण त्या रस्त्याने मी गाडी नेऊ शकेन असं मला वाटत नाही. कुठलीही गाडी.

पंकजा


वस्ती, पुणतांबा
१५ मार्च २०२५

पंकजा,

लाज वाटून घिऊ नको. ट्रॅक्टरवर पुंजाराम हुता, वरच्या वस्तीवरचा. त्याच दुपारी यिऊन त्यानं सांगितलं, पुलापाशी एक पांढरी बारकी गाडी हुती, आत बाई रडत हुती, मागं एक पोर. म्हनला, चुकली असंल बिचारी. मी म्हनले, न्हाई, चुकली न्हाई. अजिनाथ तिथंच उभा हुता. त्यानं डोक्याची टोपी काढली आन खाली बसला. मंग मला म्हनला, आई, मी सोडू का तुला पुलापर्यंत? मी म्हनले, तुझ्या गाडीत मी बसनार न्हाई. तो म्हनला, गाडीत न्हाई, चालत.

मी तुला एक सांगते. हर्षल गेला त्या दिसापासनं मी बी त्या रस्त्यानं गेले न्हाई. दळनाला, बाजाराला समदं मागल्या शिवारातून जाते, लांब पडतं, कोनी इचारलं तर म्हनते ऊन लागत न्हाई तिकडनं. परवा गेले. एकटीच गेले. पानी बघितलं. बाभळीपाशी बसले. मंग उठले, थोडं गेले, माघारी आले. काल त्याच्याही फुडं गेले. ती जागा आली तवा मी दुसरीकडं बघितलं न्हाई. पान्याकडंच बघत गेले. काय दिसत न्हाई तिथं. नुसतं पानी जातंय.

तू पुलाच्या ह्या बाजूला येऊच नको. पोरीला तो काठ दुसऱ्यांदा दाखवू नको. उद्याच्या न्हाई, त्याच्या फुडच्या रविवारी पुलाच्या पल्याड, तुझ्या बाजूला, डांबरी संपती तिथं लिंब हाय, त्याच्या सावलीत थांब. मी चालत येते. अजिनाथ गाठोडं घिऊन माझ्या मागं असंल. तो तुझ्याम्होरं यायचं म्हनतोय का न्हाई, मला ठावं न्हाई. आला तर येऊ दे, लांब थांबला तर हाक मारू नको.

उनाच्या आत पोचंन. मला चालायला येळ लागंल, तू घाबरी होऊ नको. आन गाडीचं तोंड आधीच नगरकडं करून ठेव.

आई